राष्ट्राध्यक्षांनी वाचलेली रहस्यकादंबरी

रहस्यकादंबरीबद्दल वाचकांना काय वाटलं, हे सहसा कुणी टिपून ठेवत नाही. वाचनालयाच्या खिडकीशी पुस्तक परत करताना ‘झकास होतं’ किंवा ‘शेवटी माती खाल्ली’ एवढं बोलून वाचक पुढचं पुस्तक मागतो. समीक्षकही तिकडे फिरकत नाहीत. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी मराठी माणसाच्या पिढ्या जागवल्या, पण त्या वाचकांची मतं वाङ्मयेतिहासात शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. अशा परिस्थितीत एका रहस्यकादंबरीच्या एका वाचकाचं मत थेट देशाच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचावं, ही गोष्ट मुद्दाम थांबून पाहण्यासारखी आहे. तो वाचक म्हणजे बिल क्लिंटन. कादंबरी रिचर्ड प्रेस्टन यांची ‘द कोब्रा इव्हेंट’, प्रकाशनाचं वर्ष १९९७. आजचं व्याख्यान या कादंबरीबद्दल आहे, त्याहून जास्त तिच्या आणि तिच्या जातकुळीतल्या पुस्तकांच्या वाचकांबद्दल आहे.

प्रेस्टन यांचं नाव तेव्हा नवं नव्हतं. १९८९ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या रेस्टन गावात, प्रयोगांसाठी आणलेल्या माकडांमध्ये इबोलाचा एक प्रकार आढळला होता. त्या घटनेवरचं त्यांचं ‘द हॉट झोन’ हे पुस्तक १९९४ मध्ये आलं आणि तडाखेबंद खपलं. ते कादंबरी नव्हतं, तरी लोकांनी ते कादंबरीसारखंच वाचलं. पुढचं पुस्तक लिहिताना प्रेस्टन यांनी उलट चाल केली. या वेळी कादंबरीच लिहिली, पण ती वार्तांकनासारखी वाचली जाईल अशा बेताने. सुरुवातीलाच वाचकाला सांगून टाकलं, की कथा कल्पित आहे, पण तिच्यामागचं शास्त्र आणि जैविक अस्त्रांचा इतिहास खरा आहे. कथेच्या मध्येच काही पानं त्या इतिहासाला दिली आहेत. ही पानं वाचकांना एक तर फार आवडतात किंवा अजिबात आवडत नाहीत.

कथानक थोडक्यात असं. न्यूयॉर्कमधली एक शाळकरी मुलगी साध्या सर्दीने शाळेत येते आणि चित्रकलेच्या वर्गात भयानक झटके येऊन मरते. मरण्यापूर्वी ती स्वतःलाच चावत असते. त्याच सुमारास भुयारी रेल्वेत माउथ ऑर्गन वाजवून पोट भरणारा एक बेघर माणूस अशाच तऱ्हेने मेलेला असतो. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रातून ॲलिस ऑस्टिन नावाची तरुण डॉक्टर येते, शवविच्छेदनं करते, धागा धागा जुळवते. मग एफबीआयचा माणूस, जुना जाणता अस्त्रतज्ज्ञ, आणि शेवटी पृथ्वीवर माणसं फार झाली म्हणून ती कमी करायला निघालेला एकांडा शास्त्रज्ञ. त्याने तयार केलेल्या विषाणूत तीन गोष्टींची भेसळ आहे: पतंगांच्या अळ्यांना होणारा एक विषाणू, सर्दीचा विषाणू आणि देवीचा विषाणू.

सामान्य वाचकाची या पुस्तकाबद्दलची मतं दोन-तीन ठरावीक वाटांनीच जातात. पुस्तक खाली ठेववत नाही, यावर बहुतेकांचं एकमत. शवविच्छेदनाची प्रकरणं जेवणाआधी वाचू नयेत, हे दुसरं. तिसरी तक्रार पात्रांची. खलनायक पुठ्ठ्याचा वाटतो, नायक-नायिकेतलं नातं उगाच ओढलेलं आहे. ही तक्रार रास्तच आहे. प्रेस्टन यांच्या लेखणीला माणसापेक्षा मेंदूचा काप जास्त जिवंत करता येतो. आणि या सगळ्या मतांच्या तळाशी एक प्रश्न असतो, जो अगाथा ख्रिस्ती वाचणाऱ्याला कधी पडत नाही: असं खरंच होऊ शकतं का?

क्लिंटन यांनाही तोच प्रश्न पडला. फरक इतकाच, की त्यांना तो विचारायला माणसं होती. कादंबरी वाचून ते अस्वस्थ झाले आणि तिच्यातला धोका कितपत खरा आहे हे तपासायला त्यांनी तज्ज्ञांना सांगितलं. प्रतिनिधीगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांनाही त्यांनी ती वाचायला सुचवली, आणि हे दोघे एकमेकांचे कट्टर राजकीय विरोधक होते. मार्च १९९८ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी कागदावरचा एक सराव करून पाहिला. कल्पना अशी, की देवी आणि मारबर्ग यांच्या संकरातून झालेला विषाणू मेक्सिकोच्या सीमेवर पसरला आहे. व्यवस्था कुठे कुठे कोलमडते हे त्यात दिसलं. १० एप्रिलला व्हाइट हाउसमध्ये शास्त्रज्ञांची बैठक झाली. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग आणि जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर त्यात होते. त्याच महिन्यात प्रेस्टन यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. कादंबरीकार संसदेत साक्षीदार म्हणून बसलेला, हे दृश्य कुठल्याही लेखकाला हेवा वाटावा असंच. मे महिन्यात अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत क्लिंटन यांनी लशी आणि प्रतिजैविकांचा राष्ट्रीय साठा करण्याची घोषणा केली, आणि जूनमध्ये काँग्रेसकडे २९ कोटी ४० लाख डॉलरची जादा मागणी गेली.

हे सगळं एका कादंबरीमुळे झालं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. सोव्हिएत जैविक अस्त्र कार्यक्रमातले वरिष्ठ शास्त्रज्ञ केन अलिबेक १९९२ मध्येच अमेरिकेत आले होते आणि त्यांची माहिती अधिकाऱ्यांपाशी होती. टोकियोच्या भुयारी रेल्वेत १९९५ मध्ये ओम शिनरिक्यो पंथाने सरीन वायू सोडला होता. कागदपत्रं भरपूर होती. पण कागदपत्रांनी माणूस रात्री जागा राहत नाही. कादंबरीने तो राहिला.

आता प्रश्न असा, की या वाचकाने कादंबरीतल्या कुठल्या भागावर विश्वास ठेवला. आणि ठेवायला कुठल्या भागावर हवा होता?

अळ्यांचा जो विषाणू प्रेस्टन यांनी निवडला, त्याच्या कुळाला न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस विषाणू म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे लांबलचक नाव सांगायची गरज नाही, तो त्याला एचएएनपीव्ही म्हणून ओळखतो. हरभऱ्यावर आणि तुरीवर घाटे अळी पडली की कृषी विद्यापीठं ज्या जैविक फवारणीची शिफारस करतात, ती हीच. फवारणीनंतर काही दिवसांनी अळ्या झाडाच्या शेंड्याकडे चढतात, उलट्या लटकतात आणि आतून पाण्यासारख्या होऊन फुटतात. प्रेस्टन यांना भुरळ पडली ती या द्रवरूप होण्याची. चित्र भयंकर आहे यात शंका नाही. पण हे विषाणू कीटकांपुरते आहेत, सस्तन प्राण्यांच्या शरीरात ते वाढत नाहीत, म्हणून तर शेतकरी ते सुरक्षित मानून फवारतो. त्यांना माणसाच्या मेंदूत वाढायला लावणं, वर सर्दीसारखं पसरायला लावणं आणि देवीसारखं टिकायला लावणं ही कादंबरीतली सगळ्यात मोठी उडी. ज्या अमेरिकन वाचकाने ही उडी शास्त्र समजून पचवली, त्याला अकोल्याचा एखादा शेतकरी वाचक म्हणून शेजारी बसवायला हवा होता.

रोगाची लक्षणंही प्रेस्टन यांनी हवेतून आणलेली नाहीत. लेश-नायहान नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक विकार आहे. १९६४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. एका विकराच्या अभावामुळे तो होतो, जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो, आणि त्यात रुग्णाला स्वतःचे ओठ, बोटं चावण्याचा आवेग आवरत नाही. कादंबरीनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, प्रेस्टन यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये याच विकारावर एक दीर्घ लेख लिहिला. त्यात प्रौढ रुग्णांची भेट आहे, त्यांचा विनोद आहे, स्वतःच्या हातांची भीती वाटते म्हणून हात बांधून घेण्याची त्यांची विनवणी आहे. कादंबरीत भीतीचं यंत्र झालेला विकार तिथे माणसाच्या चेहऱ्याने येतो. प्रस्तुत वक्त्याचं मत विचाराल तर, त्या लेखापुढे कादंबरी फिकी आहे.

मग कादंबरीत खरं काय उतरलं आहे? ॲलिस ऑस्टिनचं काम. ती ज्या दलात आहे ते साथरोग-गुप्तवार्ता दल १९५१ मध्ये अलेक्झांडर लँगम्युअर यांनी उभं केलं, तेही कोरियन युद्धात जैविक हल्ल्याची भीती होती म्हणून. या दलाचं बोधचिन्ह आहे पृथ्वीच्या गोलावर उमटलेला बुटाचा तळ, आणि त्या तळाला पडलेलं भोक. घरोघर फिरायचं, मेलेल्याच्या नातलगांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, कुणी कधी काय हाताळलं याची यादी करायची. कादंबरीत हा शोध एका लाकडी खेळण्याच्या डबीपर्यंत जातो. हा भाग वाचक भराभर उलटतात, कारण त्यांना प्रयोगशाळेत शिरायची घाई असते.

१९९७ याच वर्षी, कादंबरीच्या काही महिने आधी, अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. त्याला राष्ट्राध्यक्ष वाचक मिळाल्याची नोंद नाही. ऑरेगन राज्यातल्या ‘द डॅल्स’ या छोट्या गावात १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ७५१ जणांना साल्मोनेलाची बाधा झाली होती, त्यातल्या ४५ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, सुदैवाने मृत्यू एकही नाही. दहा उपाहारगृहांमध्ये, विशेषतः जिथे लोक आपल्या हाताने कोशिंबीर वाढून घेतात त्या टेबलांवर, मुद्दाम जंतू मिसळले गेले होते. करणारे होते रजनीशांच्या कम्यूनमधले लोक. पुण्याच्या कोरेगाव पार्कातून १९८१ मध्ये हलून हा पंथ ऑरेगनच्या माळरानावर वसला होता. स्थानिक निवडणुकीत आपले उमेदवार यावेत म्हणून मतदानाच्या दिवशी गावकऱ्यांना आजारी पाडायचं, ही त्याची रंगीत तालीम होती.

जैवदहशतवादावर कादंबरी लिहिणाऱ्याने हे कथानक मांडलं असतं तर संपादकाने परत पाठवलं असतं. अस्त्र काय, तर कोशिंबिरीतला जुलाबाचा जंतू. उद्देश काय, तर जिल्ह्याच्या कमिशनरची जागा. पण वाचकांच्या दृष्टीने यातला खरा धडा तपासाचा आहे. आरोग्य खात्याने तेव्हा चौकशी केली आणि स्वयंपाकघरातल्या कामगारांच्या अस्वच्छतेवर बोट ठेवून प्रकरण मिटवलं. जेम्स वीव्हर नावाच्या ऑरेगनमधल्या खासदाराने १९८५ च्या सुरुवातीला प्रतिनिधीगृहात उभं राहून रजनीशपंथीयांवर उघड संशय घेतला, तेव्हा तो पूर्वग्रहदूषित ठरला. त्याच्याकडे पुरावा नव्हता, हे खरंच होतं. तो बरोबर होता, हेही खरं निघालं. पुढे पंथातच फूट पडली, सप्टेंबर १९८५ मध्ये खुद्द रजनीशांनी पत्रकारांसमोर आपल्या सचिव माँ आनंद शीला यांच्यावर आरोप केले, आणि कम्यूनच्या दवाखान्यात त्याच जातीच्या जंतूची कुपी सापडली. तोपर्यंत वर्ष उलटून गेलं होतं. शोधनिबंध छापायला आणखी बारा वर्षं थांबले, कारण वाचून कुणी अनुकरण करील अशी भीती होती. एकीकडे शास्त्रज्ञ वाचकांना घाबरून गप्प बसलेले, दुसरीकडे कादंबरीकार वाचकांना घाबरवायला सज्ज झालेला.

जंतू वापरून खून करण्याचं भारतातलं उदाहरण तर त्याहून जुनं आहे आणि त्याची एक वाट मुंबईतून जाते. आजच्या झारखंडातल्या पाकूरच्या जमीनदार घराण्यात दोन सावत्र भावांचा मालमत्तेवरून तंटा होता. २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्टेशनच्या गर्दीत धाकट्या अमरेंद्र पांडेच्या दंडाला काहीतरी टोचलं. ४ डिसेंबरला तो मेला. रक्तात प्लेगचे जंतू निघाले, आणि तेव्हा कलकत्त्यात प्लेगची साथ नव्हती. तपास मागे मागे गेला तो परळपर्यंत. थोरल्या बिनयेंद्रचा डॉक्टर मित्र तारानाथ भट्टाचार्य याने हाफकिन संस्थेकडे प्लेगचे जंतू मागितले होते. तिथे डाळ शिजली नाही, तेव्हा त्याने आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, संशोधनाच्या नावाखाली शिरकाव करून घेतला. खटल्यात मुंबईहून साक्षीदार गेले. दोघांना फाशी झाली, ती १९३६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली. इथेही गुन्हा उलगडला तो पत्रव्यवहारातून, नोंदवह्यांतून आणि उंदरांवर कुणी कधी प्रयोग केले या विचारपुशीतून.

उलट टोकाला ओम शिनरिक्यो. पैसा, शास्त्रज्ञ, प्रयोगशाळा, सगळं हाताशी. १९९३ मध्ये टोकियोच्या कामेइदो भागात त्यांनी इमारतीच्या गच्चीवरून अँथ्रॅक्सचे जंतू फवारले. दुर्गंधीच्या तक्रारी आल्या, एवढंच. जंतूंचा वाण जनावरांच्या लशीत वापरतात तो निरुपद्रवी होता.

२००१ मध्ये मात्र भीती खरी ठरली, आणि कादंबरीसारखी मुळीच ठरली नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतून टपालाने गेलेल्या पाकिटांत अँथ्रॅक्सची भुकटी होती. जनावरांना काळपुळी होते, तोच हा जंतू. बाधित २२, मृत्यू ५. पहिला रुग्ण ओळखला फ्लोरिडातल्या लॅरी बुश या डॉक्टरांनी, पाठीच्या कण्यातल्या द्रवाची काच सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहून. सिनेटरांची इमारत तातडीने रिकामी झाली. त्यांच्या नावे आलेली पत्रं ज्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातून गेली होती, तिथले कर्मचारी मात्र आणखी काही दिवस कामावर येत राहिले आणि त्यांतले दोघे दगावले. अशा प्रसंगी बळी कोण जातो, याचा अंदाज बांधणाऱ्या कादंबऱ्यांत टपाल वर्गवारी करणारा माणूस कुठे होता, हे आठवून पाहावं.

याच तपासात रहस्यकादंबरीचा एक वेगळाच वाचक पुढे आला: तपास अधिकारी. स्टीव्हन हॅटफिल हे लष्करी संशोधन संस्थेत काम केलेले विषाणुतज्ज्ञ. २००२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या महाधिवक्त्यांनी त्यांचं नाव संशयाच्या वर्तुळात असल्याचं जाहीर केलं. त्यांच्याकडे एका अप्रकाशित कादंबरीचं हस्तलिखित होतं आणि तिचा विषय होता वॉशिंग्टनवरचा जैविक हल्ला. वर्तमानपत्रांनी ते पुराव्यासारखं मिरवलं. ज्याने अशी गोष्ट रचली, त्याने ती केलीही असेल! हाच न्याय लावायचा तर अर्नाळकरांना हजार जन्मठेपा भोगाव्या लागल्या असत्या. हॅटफिल यांची नोकरी गेली, वर्षानुवर्षं पाळत राहिली. २००८ मध्ये सरकारने ५८ लाख डॉलरच्या आसपास भरपाई देऊन तडजोड केली आणि त्यांना निर्दोष ठरवलं. त्याच उन्हाळ्यात संशय दुसऱ्या शास्त्रज्ञावर, ब्रूस आयव्हिन्स यांच्यावर, स्थिरावला. आरोपपत्र दाखल होण्यापूर्वीच त्यांनी जीव दिला. पत्रांतले जंतू त्यांच्याच कुपीतले होते हे निव्वळ शास्त्रीय पुराव्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, असं राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०११ मध्ये सांगितलं. रहस्यकथेचा वाचक अशा शेवटाबद्दल वाचनालयात भांडायला आला असता.

अमेरिकेत या सगळ्या खर्चाबद्दल टीकाही झाली. मिल्टन लायटनबर्ग यांच्यासारख्या अभ्यासकांनी धोका फुगवून सांगितला जातो असं सातत्याने मांडलं. पण क्लिंटन यांच्या वाचनातून उभा राहिलेला औषधसाठा २००१ मध्ये कामी आला, हेही नाकारता येत नाही. चुकीच्या पानावर विश्वास ठेवणाऱ्या वाचकाच्या हातून बरोबर गोष्ट झाली. ही गुंतागुंत पचवणं टीकाकारांनाही जड गेलं आहे.

शेवटचा वाचकवर्ग आपल्या ओळखीचा आहे, कारण त्यात आपणही होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये, करोना अजून चीनच्या बातम्यांत असताना, डीन कुंट्झ यांच्या ‘द आइज ऑफ डार्कनेस’ या कादंबरीतल्या पानाचं छायाचित्र फोनाफोनी फिरू लागलं. मूळ पुस्तक १९८१ चं, आणि पानावर ‘वुहान-४००’ नावाचं जैविक अस्त्र. काँग्रेसचे नेते मनीष तिवारी यांनीही ते ट्विटरवर टाकलं. चाळीस वर्षांपूर्वी लेखकाला कळलं होतं, असा सूर सगळीकडे होता. काही छायाचित्रांत तर दुसऱ्याच एका पुस्तकाचं पान जोडलेलं होतं, २००८ मध्ये आलेलं, आणि ते पान कादंबरीचंही नव्हतं.

पुस्तक उघडून पाहणाऱ्यांना लगेच दिसलं, की कुंट्झ यांच्या विषाणूची लागण झालेला एकही माणूस वाचत नाही आणि लक्षणं चार तासांत दिसतात. करोनाशी याचा मेळ बसत नाही. पण सगळ्यात उपयोगी ठरले ते जुन्या आवृत्त्या बाळगणारे वाचक. १९८१ मध्ये ही कादंबरी ली निकोल्स या टोपणनावाने निघाली, तेव्हा त्या अस्त्राचं नाव ‘गोर्की-४००’ होतं आणि ते बनवणारे रशियन होते. सोव्हिएत संघाची भीती ओसरू लागली, तशी १९८९ च्या सुमाराच्या आवृत्तीत गोर्कीच्या जागी वुहान आलं. कथा तीच राहिली, आई तीच, मुलाचा शोध तोच. भविष्यवाणी म्हणून जे फिरलं, ते पुनर्मुद्रणाच्या वेळी केलेला एक बदल होता. आज बाजारात मिळणाऱ्या प्रतींत वुहानच छापलेलं आहे.